शेवटचा फुगा

नानासो आप्पा फुगले, ते लग्नपत्रिकांचा गठ्ठा सुटला त्याच घटकेला.

कणशांच्या घरात लग्न म्हटलं की कुणीतरी फुगणार, हे अक्षतांइतकंच ठरलेलं. मागं, घरातल्याच शिवतेजच्या लग्नात टॉवेल-टोपीला नाव उशिरा पुकारलं म्हणून विट्याचे पाहुणे मांडवाबाहेर जीपमध्ये जाऊन बसले होते, आणि जिलेबीची परात जीपपर्यंत नेऊन त्यांना आत आणावं लागलं होतं. पण ती परात धरून पुढं कोण गेलं होतं? आप्पाच. घरात कुणी रुसलं की समजूत काढायला आप्पा जायचे. आप्पाच रुसले तर कुणी जायचं, याची सोय कणशांनी आजवर केलेलीच नव्हती.

आणि या खेपेला त्यांना फुगवलं होतं त्यांच्या सख्ख्या पुतणीनं, संयोगितानं. तेही फुगा काढून.

सकाळी सांगलीहून प्रेसवाल्या शांतिनाथ मगदूमची व्हॅन अंगणात आली तेव्हा सगळं आनंदात होतं. नवरदेव वीरधवल पलटणीतून नुकताच रजेवर आला होता आणि मिशीला पीळ देत घरभर हिंडत होता. विट्याच्या धोंडुबाई आत्या आधीच मुक्कामाला येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसल्या होत्या. दुपारी पहिली पत्रिका भैरोबाच्या पायाशी ठेवायची, आप्पांनी ती भावकीदेखत देवाला वाचून दाखवायची आणि मगच गावात वाटायला सुरुवात करायची, असा बेत होता.

ही पत्रिका साधीसुधी नव्हती. वीरधवलच्या थोरल्या बहिणीनं, संयोगितानं, काढलेली ती चार चौकटींची रंगीत कॉमिक होती. अशी कल्पना घरातल्या कुणाला सुचणं शक्यच नव्हतं. नवरीचे वडील, फलटणचे लालासाहेब रणवरे, यांनी सुपारी फोडताना देण्याघेण्याचं अक्षरही न काढता एकच मागणं मागितलं होतं, "पत्रिका तेवढी तुमच्या संयोगिताताईंनी काढायची. त्येंच्या घमेलवालीचे समदे अंक हायती आमच्या घरात. पाव्हणं आलं की आदी त्येच दावतो."

त्या दिवशी बैठकीतल्या कणशांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं होतं. आजवर संयोगिता काय करते असं कुणी विचारलं, की तिची आई "सांगलीला कंप्युटरवर असती" एवढं सांगून चहा आणायला उठायची. सांगणार तरी काय? कोल्हापूरला चित्रकला शिकून आलेली पोरगी आधी दुकानांच्या पाट्या रंगवते, मग शाळेच्या पुस्तकांत गाई-म्हशी काढते, आणि शेवटी सगळं सोडून विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन, डोक्यावर घमेलं उपडं घातलेल्या एका नऊवारीतल्या बाईची चित्रं काढत बसते. त्या बाईचं नाव घमेलवाली आक्का. ती घमेल्यात बसून उडते, गावातल्या लबाडाच्या टाळक्यात तेच घमेलं हाणते आणि पुन्हा माती उचलायला कामावर हजर होते. पुण्याच्या एका प्रकाशकानं "भाषा जरा शुद्ध करून द्या" म्हटल्यावर संयोगिता चित्रं काखेला मारून परत आली होती, कारण "मी येत नाही" असं म्हणणारी आक्का तिला काही केल्या उडवता येईना. मग शांतिनाथनं आपल्या प्रेसमध्ये पहिला अंक छापला, स्टँडवर आणि जत्रांतून ठेवला, आणि पोरांनी तो जत्रेतल्या गोडीशेवेसारखा संपवला.

पोरांना आक्कापेक्षाही आवडायचा तो भोपूराव. गावचा माजी पंच, बोडक्या डोक्याचा. त्यानं तोंड उघडलं की त्याचा फुगा, म्हणजे पात्राचं बोलणं ज्यात लिहितात तो पांढरा गोळा, एवढा मोठा व्हायचा की बाकीच्यांचे फुगे चौकटीबाहेर ढकलले जायचे. "पैला पाँइट!" म्हणून तो सुरुवात करायचा आणि दुसऱ्या पाँइटाला काही पोचायचा नाही. भोपूराव म्हणजे हुबेहूब नानासो आप्पा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांना सोडून. आप्पांचं म्हणणं असं, की भोपूराव म्हणजे भावकीतले बाळासो. "काय उतरवलाय गं बाळासोला!" असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि घरचे लोक पाणी प्यायला आत पळायचे.

व्हॅनमधून गठ्ठे उतरवता उतरवता शांतिनाथनं हळूच विषय काढला. "ताई, भोपूरावाच्या पुस्तकाचा कागद येऊन पडलाय की. मशीन कवा लावायची?"

"आप्पांना विचारल्याशिवाय नाही."

"दिवाळीलाबी तुम्ही हेच म्हणला होता."

खरं होतं ते. अंकातली चेष्टा निराळी आणि सबंध पुस्तक निराळं. पुस्तकात भोपूरावाचा सगळा जन्म होता. पलटणीतलं तरुणपण, दुष्काळात स्वतः उतरून खणलेली विहीर, वरातीत घोड्यावरून पडणं, आणि सगळं बोलून झाल्यावर मळ्यात एकट्यानं बसणं. नाव भोपूरावाचं, जन्म आप्पांचा. त्यांच्या तोंडून होकार आल्याशिवाय त्यातलं एक पान छापायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. नकार आला तर दोन वर्षांचं काम कपाटात जाणार होतं, आणि म्हणूनच विचारायचं धाडस होत नव्हतं. आज पत्रिका बघून आप्पा खूष झाले की लगेच विचारून टाकायचं, असं ती रात्रीपासून घोकत होती.

गठ्ठा सुटला. धोंडुबाई आत्यांनी चष्मा लावून पहिली चौकट वाचायला घेतली. चित्रातल्या अंगणात सगळे कणसे उभे, आणि डावीकडं वरच्या बाजूला आत्यांचाच फुगा होता.

"'आगं बया, नवरदेव कुठं गेला?' आगं, ही तर मीच की! नथ बी काढलीया." आत्या खुदकन हसल्या. "आन् पैली मीच बोलतीया!"

दुसऱ्या चौकटीत वीरधवल डोक्यावर ट्रंक घेऊन एसटीच्या दारात अडकला होता. तिसरीत फलटणकर मंडळी गाडी भरून येत होती. चौथीत अख्खं घर एकाच वेळी भांडत होतं, कुणी जेवणावरून, कुणी बँडवरून. आप्पांच्या मालकीण चंद्राबाई काकी लाटणं उगारून उभ्या होत्या. "मला लाटणं कशाला दिलंस गं?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण पत्रिका त्यांनी पदराला पुसून दोनदा बघितली.

आप्पा उभ्या उभ्या पत्रिका चाळत होते. त्यांनी ती पाठपोट केली. पुन्हा पाठपोट केली.

"मी कुठाय?"

"हे काय, आप्पा." संयोगितानं चौथ्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली बोट ठेवलं. तिथं फेटा बांधलेले, छाती पुढं काढलेले आप्पा होते, सगळ्यांत मोठे. त्यांच्या तोंडाशी छोटा फुगा होता आणि त्यात एकच शब्द, "व्हय."

आप्पांनी पत्रिका लांब धरली, मग जवळ धरली.

"येवढंच?"

"व्हय," वीरधवल म्हणाला.

"तुला न्हाई इचारलं!" आप्पांनी आवाज चढवला. "पैला पाँइट. लगीन हून इट्याला दिलेली बहीण पैली बोलती. ट्रंक घिऊन अडकलेलं पोरगं बोलतं. फलटणचं पाव्हणं बोलत्यात. लाटणंवाली बी बोलती. आन् घरचा कर्ता शेपटाला? पार कोपऱ्यात? आरं, पत्रिका धरली की मानसाचा अंगठा बराबर माझ्या तोंडावर यायचा!"

"आप्पा, मागं नावांत तुमचं पहिलंच..."

"मागं! ट्रकच्या मागं बी लिवल्यालं असतंय, हॉर्न द्या म्हनून. कोण वाचतंय? सुभेदार हून घरी आलो. पलटणीत सलामीला म्होरं उभा ऱ्हायलो. आन् माझ्याच घरच्या लग्नात माझ्या वाटणीला येक शबुद! त्यो बी व्हय! व्हय म्हनाया काय लागतंय? म्हस बी मान हालवती!"

आप्पा बोलत असताना मध्ये शब्द घालणं म्हणजे चालू मळणीयंत्रात हात घालणं. घरातल्या प्रत्येकानं ते एकेकदा करून पाहिलेलं होतं.

"ज्येचा पैला मान त्येनंच वाचा आता देवाला," असं म्हणून आप्पांनी पत्रिका टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि मळ्याची वाट धरली.

आता झाली पंचाईत. देवाची पत्रिका कर्त्याखेरीज दुसऱ्यानं वाचायची चाल नव्हती, आणि देवाला वाचल्याशिवाय गावात एक पत्रिका हलायची नाही. भावकी दुपारी देवळात जमणार होती. आप्पा दिसत नाहीत म्हटल्यावर बाळासो कसं कसं विचारतील, याचा नुसता विचार करून आईनं कपाळाला हात लावला.

सुरुवातीला सगळं घर संयोगिताच्या बाजूनं होतं. पण बाजू बदलायला कणशांना फार वेळ लागत नाही.

"आप्पांचा फोटू छापून त्या पैल्या चौकटीवर चिकटवूया का?" आई म्हणाली.

"माझ्या तोंडावरच चिकटवा, वैनी." आत्यांचा मघाचा आवाज आता राहिला नव्हता. "मी पैली हाय म्हनूनच पेटलंय. भावाच्या म्होरं बहिणीनं बोलू न्हाई, आमची आई म्हनायची."

"संयूताई," वीरधवलनं चाचरत तोंड घातलं, "साधी पत्रिका छापूया का? वर गणपती, त्येच्याखाली आप्पांचा फोटू. शांतिनाथभाऊ उद्या दितील."

"देता येतंय की," शांतिनाथ म्हणाला, पण संयोगिताकडं बघायचं त्यानं टाळलं.

"आन् तुझ्या ह्या पत्रिका आपुन ठिवू की घरात," आईनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "ट्रंकेत ठिवू. वाया न्हाई जायच्या."

संयोगिताला आधी राग आला, आणि रागाच्या मागोमाग फार वाईट वाटलं. घरानं जन्मात पहिल्यांदा तिच्याकडं चित्र मागितलं होतं. ते काही गोधड्यांखाली ठेवायला मागितलं नव्हतं.

"मी आप्पांना सगळ्यांत भारी जागा दिलीय!" ती म्हणाली. "चौकटीतला शेवटचा फुगा म्हणजे..."

"म्हंजी शेपूट," आत्या म्हणाल्या. "आमाला तर तसंच दिसतंय, बाय."

तिथं संयोगिताला चूक कळली. तिच्या धंद्यात सगळी चौकट रचायची ती शेवटच्या फुग्यासाठी. आधीच्या सगळ्यांनी बोलून, भांडून वाट करून द्यायची आणि मग तो यायचा. कणशांच्या हिशोबात मात्र मान म्हणजे पहिला नंबर. पत्रिकेत पहिलं नाव, पंगतीत पहिलं पान, टॉवेल-टोपीला पहिला पुकारा. ती वाढली होती या घरात आणि शिकली होती ते काम. दोन्ही तिला पाठ होतं, तरी चित्र काढताना ही दोन्ही एकमेकांसमोर कधी आलीच नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. लालासाहेब होते. आईनं गडबडीत स्पीकरच दाबला.

"वैनी, प्रेसवाल्यांनी धाडलेला पत्रिकेचा फोटू बघितला. ती शेवटची चौकट! समदं घर भांडतंय आन् सुभेदारसाहेब म्हंत्यात, व्हय. खलास! आमच्या मंडळी म्हनल्या, आता कळलं त्या घरात कुणाचा शबुद चालतोय त्ये. सकाळीच स्टेटसला लावलीया बघा. निम्म्या फलटणनं बघितली."

फोन बंद झाला.

"देवाच्या आदी फलटणला?" आत्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे आता पत्रिका बदलायचीही सोय उरली नाही. चंद्राबाई काकी इतका वेळ ओट्यापाशी चहा गाळत होत्या. आप्पांबरोबर संसार केलेल्या बाईला बोलायची सवय फारशी उरत नाही, पण त्यामुळं त्यांचं ऐकणं चांगलं झालं होतं. त्यांनी थर्मास संयोगिताच्या हातात दिला.

"तू जा. पर तितं बोलत बसू नगंस. त्येंच्या म्होरं तुला बोलाय मिळायचं न्हाई. तुला बोलता येतंय कुठं? तुला काढता येतंय."

संयोगितानं गठ्ठ्याचा खाकी कागद घडी घालून, एका पत्रिकेसकट काखेला मारला, पेन केसात खोवलं आणि मळ्याकडं निघाली.

आप्पा विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीपुढं कट्ट्यावर बसले होते. मोटर चालू होती आणि पाणी उसाच्या सरीत पडत होतं. ती आलेली बघून त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

"आप्पा, चहा."

"ठिव."

"आप्पा, त्या पत्रिकेत..."

"पैला पाँइट," आप्पा सुरू झाले. कणसे या गावात कुठून आले इथपासून त्यांनी धरलं. पणजोबांना भैरोबाच्या पालखीचा मान कसा मिळाला, बाळासोच्या आज्यानं त्यात कशी काडी घातली, पलटणीत नाव पुकारायची शिस्त काय असते. संयोगितानं काकीचं ऐकलं. ती कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, खाकी कागद मांडीवर घेतला आणि तीच चौथी चौकट पुन्हा काढू लागली. या वेळी तिनं आप्पांना डावीकडं नेलं, पार वर, पहिल्या नंबराला. मराठी फुग्याला वर मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते, नाहीतर अक्षरं कोंडतात. तिनं ती नेहमीसारखी सोडली आणि मोकळ्या फुग्यात लिहिलं, "व्हय."

तिनं पुढं बाकीच्यांचे फुगे भरले, तसं आप्पांचं बोलणं हळूहळू संथ झालं. बाळासोच्या आज्यापाशी येऊन ते थांबलं.

"ह्यो मी?"

"हो."

"पैल्या नंबराला?"

"पहिल्या नंबराला."

"हां. आता कसं!" आप्पा सरकून जवळ आले आणि बोट ठेवून वाचू लागले. "'व्हय.' मग धोंडुबाई म्हंती, 'कशाचं व्हय? जेवण कुणाकडं दिलंय?' वीरधवल म्हंतो, 'आन् बँड?' तुझी आय म्हंती, 'तारीखच बदला.' आन् ह्यो कोण? बाळासो! 'आमास्नी कुनी इचारलंच न्हाई.'"

त्यांचं बोट कागदाच्या कडेला जाऊन टेकलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"आगं, मी व्हय म्हनल्यावर बी समदी बोलत्यातच की."

"हो."

"म्हंजी माझं कुनी ऐकलंच न्हाई."

संयोगितानं छापलेली पत्रिका त्या कागदाशेजारी ठेवली. आप्पा एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं.

"ह्यात माझ्या फुडं कोण बोलतंय?" त्यांनी छापील चौकटीवर बोट ठेवलं.

"कुणीच नाही, आप्पा. पुढं फुगाच नाही. तुम्ही बोललात की चौकट मिटली. घरात शेवटचा शब्द तुमचाच असतो न्हवं?"

आप्पा गप्प झाले. इतका वेळ गप्प बसलेले आप्पा तिनं कधी पाहिलेच नव्हते. हीच वेळ आहे, असं मनात येऊन तिनं सगळा धीर गोळा केला.

"आप्पा, मला आणखी एक विचारायचं..."

"आदी मला सांग," आप्पांनी तिला तोडलं. "त्या भोपूरावाला तू कायम बोडका का काढतीस?"

तिनं पेनाला टोपण लावलं. "तो... तसाच सुचला."

"मिलट्रीतला मानूस बोडका हिंडत न्हाई. ध्यानात ठिव." आप्पांनी चहा एका घोटात संपवला आणि उठले. "चल, फेटा बांधायचाय. पैला पाँइट, देवाला कुनी ताटकळत ठिवतं व्हय?"

खाकी कागद मात्र त्यांनी घडी घालून खिशात टाकला. विचारायचं होतं ते तसंच राहिलं.

भैरोबाच्या देवळात भावकी दाटीवाटीनं बसली होती. आप्पा गुलाबी फेटा बांधून, पत्रिका दोन्ही हातांत धरून देवापुढं उभे राहिले. कॉमिक देवाला वाचून कशी दाखवायची, याचा कुठल्याही पुराणात दाखला नव्हता, पण आप्पा अडले नाहीत. त्यांनी आत्यांचं वाक्य आत्यांच्या आवाजात म्हटलं. ट्रंक घेऊन अडकलेला वीरधवल त्यांनी देवळाच्या दारात अडकून दाखवला. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि संयोगिता खांबाला टेकून आपलीच चित्रं पहिल्यांदा बघितल्यासारखी ऐकत होती.

चौथ्या चौकटीत आप्पांनी सगळं भांडण एकट्यानं करून दाखवलं. मग थांबले, छाती पुढं काढली आणि म्हणाले, "व्हय."

"येवढंच?" बाळासोंनी पुढच्या रांगेतून विचारलं. "कर्त्याला पार शेवटाला घातलं का काय?"

"शेवटचा फुगा म्हंजी काय, त्ये तुमास्नी कळायचं न्हाई," आप्पा म्हणाले, आणि खिशातून खाकी कागद काढून त्यांनी सगळ्या भावकीला ते समजावून दिलं. पहिल्या नंबराला काय होतं, शेवटच्याला काय होतं, चौकट मिटते म्हणजे काय. जणू काही ही विद्या पलटणीतच शिकून आले होते. संयोगितानं त्यांनी घेतलेल्या या श्रेयावर मुळीच हरकत घेतली नाही.

"जागा शेवटची मिळाली म्हनून ग्वाड मानून घ्यायलाय व्हय?" बाळासो हसले.

"तू गप, बाळासो. पोरीनं तुझा भोपूराव केलाय त्यो काय उगंच?"

देऊळभर हशा झाला. बाळासोंचे कान लाल झाले. आजवर ते हे मुकाट ऐकून घेत आले होते, पण देवाच्या दारात, साऱ्या भावकीसमोर, त्यांना ते लागलं. ते उभे राहिले.

"आप्पा, देवाच्या पायरीवर सांगतो. त्यो भोपूराव मी न्हवं. 'पैला पाँइट' म्हनतंय कोण, मी का तुमी? साऱ्या गावाला म्हाईत हाय, येका तुमास्नी सोडून. भोपूराव तुमीच हाय. हाय का न्हाई?"

हशा जागच्या जागी थांबला. आत्यांनी पदर तोंडाला लावला. वीरधवल छताकडं बघू लागला. खांबाला टेकलेल्या संयोगिताला वाटलं, संपलं. आप्पांनी आता 'न्हाई' म्हटलं तर पुस्तक गेलं, आणि आप्पा दुखावले तर पुस्तकापेक्षा मोठं काहीतरी गेलं. आपण आधीच, त्यांच्यासमोर बसून, सांगायला हवं होतं.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. मिलट्रीतला माणूस, असं आप्पा म्हणाले होते. अंकांतला भोपूराव गावचा माजी पंच होता. तो मिलट्रीत होता, हे आजवर छापलेल्या एकाही अंकात नव्हतं; ते होतं फक्त न छापलेल्या पुस्तकात.

आप्पांनी बाळासोंकडं पाहिलं, देवाकडं पाहिलं, आणि मग संयोगिताकडं पाहिलं. त्यांच्या मिशा हलल्या. बोलायला पुष्कळ होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पण त्यांनी छाती पुढं काढली आणि एकच शब्द उच्चारला.

"व्हय."

देवळात कुणी बोललं नाही. बाळासोही बसले. संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं खुशाल येऊ दिलं.

"आन् संयू," आप्पा तिच्याकडं वळले, "पुस्तक काढतीयास न्हवं त्येचं? त्यात तेवढा फेटा बांध त्येला."

पुस्तकाची चहाडी कुणी केली ते वीरधवलच्या छताकडं लागलेल्या डोळ्यांवरून कळत होतं. दारापाशी शांतिनाथनं फोन कानाला लावला आणि प्रेसवरच्या माणसाला सांगितलं, "मशीन लावू नकोस अजून. फेटे बांधायचं राहिलंय की."

"तुम्हाला कधी कळलं, आप्पा?" संयोगितानं विचारलं.

"कवा म्हंजी? माझा आवाज मी वळखनार न्हाई व्हय? पैला पाँइट..."

सगळं देऊळ खो खो हसलं. काकींनी पेढ्यांचं ताट फिरवायला घेतलं आणि आप्पा बोलत राहिले. पेढे संपले, भावकी पत्रिका घेऊन पांगली, भैरोबापुढं दिवा लागला. दुसरा पाँइट त्या दिवशीही आला नाही.